अप्पांचा तिसरा अंक

औशात आमचं एक कलामंडळ होतं. वर्षातून एक नाटक करायचं आणि उरलेलं वर्ष त्या नाटकावरून एकमेकांशी भांडायचं, असा त्याचा कारभार होता. अध्यक्ष होते अप्पा. मोंढ्याला, म्हणजे धान्याच्या बाजाराला, लागून त्यांचं किराणा दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि आवाज असा की पावशेर साखर मागताना गिऱ्हाईकानं आधी घसा साफ करून घ्यावा. सचिव होते पोस्टातले भाऊ. ते नाटक लिहायचे, बसवायचे आणि त्यात मोठी भूमिकाही स्वतःच करायचे, कारण त्यांची वाक्यं दुसऱ्या कुणाला पाठच होत नसत. मी उपाध्यक्षा. मुलींच्या शाळेत शिकवत होते, म्हणून सगळं गाव मला बाई म्हणे. मंडळात एक तरी स्त्री असावी असं कुणाच्या तरी मनात आलं आणि मी आयतीच सापडले. माझी जीभ जरा तिखट आहे हे त्यांना नंतर कळलं.

तर सांगायची गोष्ट ही की, हे मंडळ काढणाऱ्या, वाढवणाऱ्या आणि त्यासाठी दुकान वाऱ्यावर सोडणाऱ्या अप्पांनी एकाही नाटकाचा शेवट पाहिलेला नव्हता.

याला कारण त्यांचाच एक नियम. फार पूर्वी ते लातूरला एका संगीताच्या कार्यक्रमाला गेले होते. तिथं पदाधिकाऱ्यांचे सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, दोन शब्द. पुन्हा शाल, नारळ, दोन शब्द. गवई बिचारा तंबोऱ्याला टेकून पेंगायला लागला आणि अप्पांची शेवटची एसटी निघायची वेळ झाली, तरी गाणं काही सुरू झालं नाही. अप्पा परत आले ते नियम घेऊनच. आपल्या मंडळात पदाधिकाऱ्यानं खुर्चीवर बसायचं नाही, हार घालून घ्यायचा नाही आणि माइकला तोंड लावायचं नाही. काम करायचं. पहिला नियम मोडायला आम्ही तयारच होतो, पण अप्पांसमोर कोण बोलणार?

त्यामुळं नाटकाच्या दिवशी अप्पा विंगेत पडद्याची दोरी धरून उभे. पहिला आणि दुसरा अंक ते कडेनं पाहत. "नायिकेचा उजवा कान मी कुटंबी वळखीन," असं ते म्हणायचे, "तोंडाचं मात्र इचारू नका." आणि तिसरा अंक सुरू झाला की काहीतरी हमखास व्हायचं. एकदा जनरेटर बंद पडला आणि अप्पा डिझेल आणायला गेले. एकदा मोंढ्यातला मोकाट बैल प्रेक्षकांत शिरला, त्याला समजावून बाहेर न्यायला अप्पाच लागले. लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी नव्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं, तर साहेबांची जीप सुरूच होईना आणि नायिका रंगमंचावर प्राण सोडत असताना अप्पा बाहेर जीप ढकलत होते. टाळ्या ऐकू आल्या की त्यांना कळायचं, संपलं.

तालमीला या म्हटलं तर यायचे नाहीत. चहाची किटली पाठवून द्यायचे. तालमीत बघितलं तर ते नाटक बघितल्यासारखं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि शेवट कुणाला सांगूही द्यायचे नाहीत. "सांगू नका. म्या बघनार हाय एक दिवस." हे एवढ्या वर्षांत सगळ्या गावाच्या अंगवळणी पडलं होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं नाटकाबद्दल बोलत असली आणि अप्पा गोदामातून बाहेर आले, की दोघं एकदम ज्वारीच्या भावावर यायची. एका नवख्या तलाठ्यानं "शेवटी तो नायक मरतो ते काही पटलं नाही," असं काउंटरवरच म्हटलं, तर पुढं कितीतरी दिवस त्याला कुणी पानही खाऊ घातलं नाही. बदलीनं आलेल्या माणसाला तळ्याचं पाणी कुठं, टपाल कुठं, हे सांगताना लोक हेही सांगत: अप्पांना शेवट सांगायचा नाही.

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. कचेऱ्या आल्या, साहेब आले, जिपा आल्या. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिला असावा, कारण आमच्याकडं तो येईना. नंतर चौकशी केली तर उस्मानाबादवाल्यांकडंही नव्हता. पाठोपाठ कोरडी सालं गेली. विहिरींचे तळ दिसायला लागले, मोंढ्यात माल येईना, आणि बाया कुठंही निघाल्या तरी कमरेवर घागर घेऊनच निघू लागल्या. देवळात गेल्या तरी घागर, दवाखान्यात गेल्या तरी घागर. टँकर कुठं आणि केव्हा उभा राहील याचा नेम नव्हता.

अशात अप्पा एक दिवस डोळे दाखवायला लातूरला जाऊन आले. संध्याकाळी मी दुकानात गेले, तर मी डावीकडून आले तरी त्यांनी मान वळवली नाही. मी बोलले तेव्हा दचकले.

"बाई, तुमी हाव काय. काचबिंदू म्हनला डाक्टर. बाजूचं दिसंना गेलंय. नाकासमोरचं दिसतंय तेवढं."

"आणि पुढं?"

"गेलं ते गेलं म्हनला. ऱ्हायलेलं टिकतंय का बगू म्हनला. टिकंल का, तर त्यो गप बसला." आणि ते गूळ तोलायला लागले.

मला वाईट वाटलं की मी रागावते, ही माझी जुनी सवय. इतके दिवस का दाखवलं नाही, डोळा काय दुकानातला काटा आहे का, कधीही दुरुस्त करायला, असं बरंच बोलले. अप्पा ऐकून घेत होते. घरी येताना रस्त्यात मला रडू आलं. रडू आल्याचाही राग आला.

चार दिवसांनी बैठक झाली. आमच्या बैठका दुकानाच्या मागं, गोदामात, रिकाम्या पोत्यांच्या बारदानावर बसून व्हायच्या. जात कुठलीही असो, एकाच किटलीतला चहा, एकाच रांगेतले कप. हेही अप्पांनीच सुरुवातीपासून ठरवून टाकलेलं. त्यावर त्यांच्या नात्यागोत्यात कुरबुर झाली होती, तेव्हा त्यांनी "ज्याला आवडत न्हाई त्यानं घरून पिऊन यावं," एवढंच म्हटलं होतं. बैठकीतला पहिलाच प्रश्न होता की दुष्काळात नाटक करावं का. एक-दोघांना लाज वाटत होती. लोकांना प्यायला पाणी नाही आणि आपण तोंडाला रंग लावायचा, हे बरं दिसत नाही.

अप्पा म्हणाले, "मंग लोकांनी दिवसभर टँकरचीच वाट बगावी काय? पानी न्हाई म्हनून हसाया-रडायाबी बंदी हाय का?"

नाटक ठरलं. भाऊंनी लिहिलेलंच होतं. दोन भाऊ, त्यांच्या बांधावर एक विहीर, आणि तिच्यावरून दोघांचं बोलणं बंद. एवढंच मी इथं सांगते.

मग भाऊंनी घसा खाकरला. ते अप्पांशी बोलताना नेहमीच पोस्टाच्या खिडकीतून बोलल्यासारखं सावकाश बोलायचे. "अप्पा, तुम्हाला बाजूचं दिसत नाही. बरोबर?"

"हाव."

"समोरचं दिसतं."

"दिसतंय."

"मग विंगेतून तुम्हाला काय दिसणार? विंग म्हणजे बाजूच झाली. तुम्हाला आता समोरच बसावं लागणार."

अप्पा हिशेबाचे पक्के होते, हिशेब चुकत नव्हता. "नियम हाय ना आपला," असं ते पुटपुटले. मी म्हटलं, "नियम पदाधिकाऱ्यांना आहे. एक दिवस राजीनामा द्या, दुसऱ्या दिवशी परत घ्या." तरी मान हलेना. शेवटी अक्का, म्हणजे त्यांच्या घरच्या, चहाचे कप उचलायला आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "बसा की वो एकडाव. पुढच्या साली दिसंल न दिसंल." असं उघड बोलायचं आमच्यापैकी कुणाचं धाडस नव्हतं. अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि "बरं," म्हणाले.

त्या दिवसापासून आमचं मंडळ नाटक करत नव्हतं, अप्पांना तिसरा अंक दाखवत होतं. मिणमिणत्या उजेडात त्यांना धड दिसत नाही हे अक्कांकडून कळलं, तेव्हा नाटक दिवसाउजेडी करायचं ठरलं. लोकांना कारण सांगितलं, वीज नाही. ते खोटंही नव्हतं. जनरेटर नको, म्हणजे डिझेल संपायचा प्रश्न मिटला. पाहुणाच बोलवायचा नाही, म्हणजे जीप ढकलायला नको. नव्या जिल्ह्यात गल्लोगल्ली साहेब असताना एकालाही न बोलावणारं आमचं पहिलंच मंडळ असेल. मोंढ्यातले मोकाट बैल दावणीला बांधण्यासाठी खास माणसं नेमली. अप्पांचं एकेक काम काढून एकेकाच्या गळ्यात घातलं, आणि तेव्हा कुठं कळलं की हा एक माणूस दर वर्षी किती जणांचं काम करत होता. पडद्याच्या दोरीवर तर दोघं ठेवावे लागले.

राहिला टँकर. तो तिसऱ्या अंकात येऊन उभा राहिला तर सगळंच मुसळ केरात. मी स्वतः तहसीलजवळ जाऊन टँकरच्या ड्रायव्हरला गाठलं आणि सांगितलं, "नाटकाच्या दिवशी मोंढ्याकडं आधी या नाहीतर नंतर या, पण तिसऱ्या अंकात येऊ नका." तो विडी ओढत हो म्हणाला. मी निर्धास्त झाले. मला काय माहीत की भाऊही त्याला भेटून हेच सांगून गेले होते. अक्कांनी निरोप धाडला होता. बैल बांधणाऱ्यांनी सांगितलं होतं. नाटकात धाकट्या भावाचं काम करणारे आमचे एसटीतले कंडक्टर, त्यांनी तर रस्त्यात बस थांबवून सांगितलं होतं. तिसऱ्या अंकात येऊ नका. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्यालाच सुचलं.

नाटकाच्या दिवशी दुपार कलली तशी मोंढ्यात गर्दी झाली. आडतीचा मोठा ओटा हाच रंगमंच. नांदेडहून भाड्यानं आणलेला पडदा त्यावर टांगलेला. सडा मारायला पाणी नव्हतं, म्हणून धूळ दाबायला अप्पांच्या गोदामातलं सगळं बारदान अंथरलं होतं. प्रत्येक बाईच्या मांडीशी तिची घागर. समोर मधोमध एक खुर्ची, तीवर अप्पा. हात कुठं ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. दोरी नसलेले अप्पा मी प्रथमच पाहत होते. त्यांच्या मागं अक्का बसल्या, आणि शेजारी बारदानावर मी, राखणीला. "उटायचं न्हाई," अक्कांनी बजावलं, "माझी शपथ हाय तुमाला."

पहिल्या अंकात ते दोनदा उठायला गेले. पडदा अडखळला म्हणून एकदा, आणि कुणीतरी खोकलं म्हणून एकदा. दोन्ही वेळा मी सदरा धरला. दुसऱ्या अंकात मात्र ते पुढं वाकले आणि तसेच राहिले. नायिका आली तेव्हा माझ्याकडं झुकून म्हणाले, "तोंडबी चांगलं हाय की पोरीचं." मी गप्प बसा म्हटलं.

तिसरा अंक सुरू झाला. थोरला भाऊ, म्हणजे आमचे पोस्टातले भाऊ, विहिरीशी येऊन उभा राहतो. धाकटा आतून तांब्या घेऊन येणार असतो. सगळा मोंढा चिडीचूप. आणि वेशीकडून घरघर ऐकू आली.

हॉर्न वाजला नाही. वाजायची गरजही नव्हती. त्या उन्हाळ्यात टँकरचा आवाज तान्ह्या लेकरालाही कळत होता. पहिली घागर उचलल्याचा टणत्कार झाला, मग दुसरी, आणि मग सगळा मोंढा उठला. बाया, गडी, दोरीवरचे दोघं, बैल बांधणारे, सगळे. नायिका पैठणीचा पदर कमरेला खोचून विंगेतून थेट खाली उतरली. रांगेत रेटारेटी होणार हे ओळखून कंडक्टरही धावले, आणि "एकेक करून, मागं सरका," ही त्यांची रोजची आरोळी टँकरकडून ऐकू यायला लागली. अक्काही उठल्या. घरात पाण्याचा थेंब नव्हता, बसून कशा राहतील? जाता जाता नवऱ्याच्या खांद्यावर हात दाबून गेल्या.

मला इतका संताप आला की डोळ्यांपुढं काही दिसेना. एवढ्या वर्षांनी हा माणूस खुर्चीवर बसला आणि पुन्हा तेच व्हावं. अप्पा अर्धे उठले होते. "बाई, टँकर आला. रांग लावाया पायजे, न्हाईतर डोकी फुटतील."

"लावली रांग. तुम्ही बसा."

ते बसले. ओट्यावर भाऊ तसेच उभे होते. काय वाटेल ते झालं तरी भूमिका सोडायची नाही, हे आम्हाला दर तालमीला ऐकवणारा माणूस. विहिरीत नजर लावून, हात कठड्यावर टेकून, पुतळ्यागत उभा. अप्पांना समोरचं तेवढंच दिसत होतं. दोन्ही बाजूंनी रिकामा झालेला मोंढा त्यांना दिसत नव्हता. ते बराच वेळ पाहत राहिले.

"काय थांबलाय बगा भाऊ," ते हळूच म्हणाले. "असं इचारायलाच लई येळ लागतो मानसाला. भावाला पानी कसं मागावं? बराबर लिवलंय."

 धाकटा भाऊ टँकरपाशी कुणाची तरी घागर सरळ करतोय, हे सांगून काय मिळणार होतं?

मग लोक परतायला लागले. भरलेल्या घागरी अलगद ठेवून आपापल्या जागी बसले, एकमेकांना गप्प करत. ओट्यावर भाऊ अजून तसेच उभे आहेत हे पाहून त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं असावं. अक्का येऊन घागर ओट्याच्या पायरीवर टेकवत होत्या, एवढ्यात कंडक्टर धापा टाकत आले. तांब्या हातात होता, पण नाटकातला रिकामा. तालमीत आम्ही रिकाम्याच तांब्यावर भागवत होतो. दुष्काळात ओट्यावर पाणी सांडलं असतं तर प्रेक्षकांनीच आम्हाला मारलं असतं. कंडक्टरांनी वर चढता चढता अक्कांच्या घागरीत तांब्या बुडवला आणि थोरल्या भावापुढं धरला.

भाऊंनी तो रिकामा समजून झोकात तोंडाला लावला. पाणी नाकात गेलं, छातीवर आलं. ते थांबले, तांब्यात पाहिलं, धाकट्याकडं पाहिलं. त्यांचं पुढचं वाक्य फार सुंदर होतं, मला पाठ होतं. ते त्यांनी म्हटलंच नाही. पुन्हा तांब्या लावला आणि घटाघटा सगळं पाणी प्यायले. दुपारपासून माणूस उन्हात उभा होता. त्या शांततेत त्यांचा प्रत्येक घोट शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. मग त्यांनी रिकामा तांब्या धाकट्याच्या हातात दिला आणि दोघं उभे राहिले.

नाटक तिथंच संपत होतं. पण पडदा पडेना, कारण दोरीवरचे दोघं अजून टँकरपाशीच होते. कंडक्टर डोळ्यांनीच काय करू असं विचारत होते. अप्पांनी मान वळवून, मागं येऊन बसलेल्या अक्कांना विचारलं, "संपलं न्हवं? मंग शपथ सुटली." त्यांनी माझा हात धरला, पायरी चाचपत वर चढले, विंगेत गेले आणि पडदा ओढला. तेव्हा टाळ्या झाल्या. अप्पा पडद्याआड उभे राहून सदऱ्याच्या बाहीनं चष्मा पुसत होते, आणि चष्मा कोरडाच होता.

बाहेर मी ड्रायव्हरला गाठलं. तो टँकरच्या टपावर उभा राहून डोळे पुसत होता. त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो म्हणाला, "बाई, ज्यो त्यो येऊन सांगून राहिला, तिसऱ्या अंकात येऊ नगा. मला वाटलं, एवढं हाय तरी काय त्यात. म्हनून बगाया आलो."

भाऊ अक्कांच्या घागरीतलं पाणी तांब्याला तोंड लावून प्यायले आणि तीच घागर अक्कांनी घरी नेली, यावर गावात दोन दिवस जातीची चर्चा झाली. अक्कांनी विचारणारीला सांगितलं, "तहान लागली हुती त्यास्नी. नाटक हुतं म्हनून काय खोटी तहान असती?" मग चर्चा थांबली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. त्यानंतरच्या नाटकापर्यंत अप्पांच्या डोळ्यांसमोरचंही गेलं. दुकान मुलगा पाहू लागला आणि अप्पा काउंटरच्या आत नुसते बसून राहू लागले. नाटकाला ते विंगेत असत, दोरी धरून. कानानं अंदाज घेऊन पडदा ओढत आणि एकदाही चुकले नाहीत. तिसऱ्या अंकात आता त्यांना कुणी कुठं पिटाळत नव्हतं. पण शेवट त्यांना दिसत नव्हता.

एकदा नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मी साखर घ्यायला गेले. दुकानात दोन गिऱ्हाइकं नाटकाबद्दल बोलत होती. मला पाहून, अप्पा आत बसलेत हे ध्यानात येऊन, दोघं जुन्या सवयीनं एकदम ज्वारीच्या भावावर आली. अप्पा हसले. माझ्या पावलांच्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी हात केला आणि शेजारचा स्टूल थोपटला.

"बसा बाई," ते म्हणाले. "आता सांगा. शेवटी काय झालं?"

मी सांगितलं.  त्या दोघांनाही राहवेना. नायिकेनं मागं वळून पाहिलं की नाही यावर ते मध्येच भांडायला लागले. मग ही रीतच पडली. नाटक झालं की गाव आळीपाळीनं दुकानात येई, पावशेर काहीतरी घेई आणि सगळा तिसरा अंक सांगून जाई, प्रत्येकाचा वेगळा. तो ड्रायव्हरसुद्धा टँकर उभा करून यायचा. अप्पा सगळ्यांचं ऐकून घेत. फक्त विहिरीच्या नाटकाचं कुणी काढलं, की हात वर करून त्याला थांबवत.

"ते ऱ्हाऊ द्या," म्हणत. "ते म्या बघितलंय."